पोटात रसायन गेलं तर: पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

अनवट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

परवा घर रंगवण्याच्या धाग्यावर थिनरची बाटली आणि लहान मूल असा विषय निघाला आणि बघता बघता "मीठ-पाणी पाजा, घशात बोट घाला, उलटी झाली की सुटलात" असे सल्ले येत गेले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण हा सल्ला मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी काम करते. इथे फक्त घरात आणि गाडीत सापडणाऱ्या वस्तूंबद्दल बोलू: रॉकेल, पेट्रोल, थिनर, कूलंट (गाडीचं इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, बॅटरीचं अ‍ॅसिड, संडास साफ करायचं लिक्विड, फिनेल, डांबरगोळ्या, कापूर.

पुढचं वाचायच्या आधी एक नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा: १८०० ११६ ११७. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र. टोल फ्री आहे, चोवीस तास चालू असतं, डॉक्टरही तिथे फोन करून विचारतात. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सुरुवात रॉकेलपासून करते. गॅस घरोघरी आला तरी स्टोव्ह, चूल पेटवणं, कंदील, रंगाचे ब्रश धुणं यासाठी रॉकेल अजून घरात असतं. रॉकेल प्यायलेलं मूल बहुतेक वेळा एक ते तीन वर्षांचं असतं, आणि उन्हाळ्यात अशी मुलं जास्त येतात. तहान लागलेली असते, समोर बाटली दिसते, तोंडाला लावली की झालं. रेशनचं रॉकेल निळं असायचं, त्यामुळे निदान मोठ्यांच्या तरी लक्षात यायचं. थिनर आणि टर्पेन्टाइन मात्र दिसायला अगदी पाणी.

आता मुद्द्याचं. रॉकेल पोटात गेल्याने त्या मानाने फारसं बिघडत नाही. घात होतो तो फुप्फुसात. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे सगळे पातळ, चटकन पसरणारे द्रव. पाण्यावर तेलाचा थेंब पडला की कसा क्षणात पसरतो, तसे ते श्वासनळीतून थेट खालपर्यंत पसरतात. त्याला काही थेंबही पुरतात. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून आत एक पातळ थर असतो, तोच बिघडतो. मग सूज, पाणी, ताप, धाप. पिताना मूल ठसकलं असेल तर थोडं आत गेलेलं आहे असंच आम्ही धरून चालतो. अशा वेळी उलटी काढली की तेच रॉकेल पुन्हा घशाशी येतं आणि श्वासनळीत शिरायला त्याला दुसऱ्यांदा वाट मिळते. म्हणूनच दवाखान्यातसुद्धा आम्ही नुसतं रॉकेल प्यायलेल्या मुलाच्या पोटात नळी घालून पोट धूत नाही. "डॉक्टरांनी काहीच केलं नाही, नुसतं बसवून ठेवलं" अशी तक्रार नातेवाईक करतात ना, तो बसवून ठेवण्याचा वेळच उपचाराचा भाग असतो. सहा तास. श्वास मोजायचा, ऑक्सिजन बघायचा, छातीचा एक्स-रे काढायचा. सहा तासांनंतरही खोकला नाही, धाप नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, तरच घरी.

घरी काय करायचं? तोंडातलं उरलेलं बाहेर काढा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या, नाहीतर ओल्या फडक्याने तोंड पुसा. रॉकेलने भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. मुलाला बसतं ठेवा. सुस्त असेल तर कुशीवर झोपवा, उताणं नको. उलटं धरून पाठीत धपाटे घालू नका. आणि ज्या बाटलीतून प्यायलं ती बाटली, झाकणासकट, पिशवीत घालून बरोबर आणा. "कसलं तरी पांढरं होतं" एवढ्यावर उपचार ठरवताना आमचे हात बांधलेले असतात.

बाकीच्या रसायनांबद्दल प्रतिसादांत लिहीत जाईन. विचारा.

---

माजघर

धाग्याबद्दल मनापासून आभार, डॉक्टर. एक शंका. आमच्याकडे आजी-पणजीपासून विषावर तूप पाजायची पद्धत. काही घरी कच्चं अंडं, काही घरी ताक, नाहीतर चिंचेचा कोळ. मीठ-पाणी तर सगळ्यांनाच माहीत. हे सगळंच टाकून द्यायचं? कारण खेड्यात दवाखाना तासभर लांब असतो, आणि तो तासभर हातावर हात ठेवून बसणं आईला जमत नाही हो.

---

अनवट

माजघर ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्या आईची घालमेल मी रोज बघते.

मीठ-पाण्यापासून सांगते. लहान मुलाला दोन-चार चमचे मीठ पाण्यातून पाजलं आणि उलटी झाली नाही, तर रक्तातलं सोडियम एकदम चढतं, मेंदूला इजा होते, झटके येतात. मूळचं विष किरकोळ आणि मिठानेच मूल गेलं, असे मृत्यू वैद्यकीय नोंदींत आहेत. उलटीसाठी पाश्चात्त्य देशांत इपिकॅकचं औषध घरोघरी ठेवायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली सांगितलं की ते घरात ठेवू नका, फायदा दिसत नाही. औषधाची ही गत, तर मिठाची काय सांगावी.

तूप आणि तेल: काही विषं स्निग्ध पदार्थात विरघळतात. डांबरगोळ्या आणि उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तूप किंवा दूध दिलं की विष अंगात जास्त भिनतं. म्हणजे मदत करायला गेलो आणि उलट झालं.

चिंच, लिंबू, ताक, खायचा सोडा: अ‍ॅसिडवर सोडा आणि क्षारावर लिंबू हे शाळेतलं गणित पोटात चालत नाही. दोन्ही एकत्र आले की उष्णता निर्माण होते, सोड्याने वायू होतो, आणि आधीच पोळलेल्या अन्ननलिकेला त्यात भर पडते.

मग तासभर करायचं काय? पुष्कळ आहे. १८०० ११६ ११७ ला फोन लावा. काय, किती, किती वाजता, वय, वजन, हे सांगा. श्वास मोजत राहा. छाती आत ओढली जातेय का, ओठ निळे पडताहेत का, मूल पेंगतंय का, बघत राहा. वेळ कागदावर लिहा. अन् गाडी काढा. फोनवरच्या माणसाने सांगितलं तरच काही पाजा.

---

गॅरेज_मिरज

मी मोटर मेकॅनिक, वडिलांपासून गॅरेज. डॉक्टर मॅडमनी लिहिलंय त्यात आमच्या लाइनचं चार गोष्टींचं सांगतो.

एक म्हणजे नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणं. गॅरेजला नवीन आलेलं पोरगं पहिल्यांदा हेच शिकतं. टाकीत नळी, दुसरं टोक तोंडात, जोरात ओढायचं, पेट्रोल आलं की झटकन नळी खाली. त्यात अर्ध्या सेकंदाचा अंदाज चुकला की घोट घशात. आमच्या बाजूच्या गॅरेजमधला एक पोरगा असाच ठसकला. बाकीचे हसले, त्याला थंडा पाजला, पाठ थोपटली. रात्री ताप भरला, श्वास घेताना छातीत कळ. फुप्फुसाला सूज. बरेच दिवस दवाखान्यात होता. हाताने दाबायचा पंप बाजारात मिळतो, रबरी फुगा असलेला, तो प्रत्येक गॅरेजमध्ये पाहिजेच. माझ्याकडे तोंडाने ओढायला सक्त मनाई आहे.

दुसरं कूलंट. हिरवं, गुलाबी, केशरी, निळं. सरबतासारखं दिसतं आणि चवीला गोड असतं. गिऱ्हाईक म्हणतं, उरलेलं बाटलीत भरून द्या, आणि कोल्ड्रिंकची रिकामी बाटली पुढे करतं. मी देत नाही. कंपनीच्या डब्यात असेल तर घेऊन जा, नाहीतर राहू दे इथेच.

तिसरं बॅटरी. घरचे धावत येतात, "बॅटरीचं पाणी प्यायला". डिस्टिल वॉटर होतं की अ‍ॅसिड, हे आधी विचारा. दोन्ही सारख्याच बाटल्यांत येतात काही दुकानांत. एकाने काही होत नाही, दुसऱ्याने आतडी जळतात.

आणि नवीन डिझेल गाड्यांना लागतं ते डीईएफ, बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्या आल्यापासून बादल्या-बादल्यांनी येतं. ते म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. त्याचं बाकीच्यांएवढं भय नाही असं मी ऐकून आहे. बरोबर का मॅडम?

---

अनवट

बरोबर, दादा. डीईएफचा घोट गेला तर मळमळ, उलटी होऊ शकते, त्यापलीकडे सहसा जात नाही. तोंड धुवा, फोन करून विचारा. पंपाबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

कूलंटवर सविस्तर लिहिते, कारण इथे मूल "बरं दिसतंय" म्हणून घरी ठेवलं जातं.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते स्वतः दारूच्या जातीचं, त्यामुळे पहिल्या काही तासांत माणूस झिंगल्यासारखा दिसतो. मूल लडखडतं, बरळतं, पेंगतं, ओकतं. मग कधीकधी थोडं सावरल्यासारखं वाटतं. पण तोवर यकृतात त्याचं एकेक पायरीने अ‍ॅसिडमध्ये रूपांतर चाललेलं असतं. रक्त आंबट होतं, श्वास जोरजोरात आणि खोल चालतो. शेवटच्या पायरीला ऑक्झॅलेट तयार होतं, ते रक्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद पडते.

यावर उतारा आहे, आणि वेळेत मिळाला तर तो उत्तम चालतो. रूपांतर करणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) अडवायचं, म्हणजे ग्लायकॉल तसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. त्यासाठी फोमेपिझोल नावाचं औषध आहे, अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉल दिलं जातं आणि गरज पडली तर डायलिसिस. हे वाचून कुणी घरी दारू पाजू नका. लहान मुलाला दारूने साखर एकदम उतरते, बेशुद्धी येते. किती द्यायचं ते रक्त तपासत ठरवावं लागतं.

तेव्हा कूलंटचा घोट गेला असा नुसता संशय असला तरी डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. जवळच्या दवाखान्यात थांबून "बघू सकाळी" नको.

ब्रेक ऑइल याच घराण्यातलं. त्यात ग्लायकॉल इथर असतात आणि काहींत डायइथिलीन ग्लायकॉल. हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं होतं. चौदा रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात पुन्हा हेच सापडलं, त्यांतल्या काही मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. डायलिसिस लावलेलं, हाताला सुई टोचलेलं, चार वर्षांचं मूल ज्याने बघितलं असेल त्याला हे रसायन घरात बाटलीत भरून ठेवणं सोसणार नाही.

---

भिंगरी

आणि इंजिन ऑइल? आमच्याकडे टू-व्हीलरचा डबा गॅलरीतच असतो.

---

अनवट

इंजिन ऑइल, ग्रीस, गिअर ऑइल हे घट्ट असतात, म्हणून श्वासनळीत सहज उतरत नाहीत. पोटात गेलं तर बहुधा जुलाब होतात. तरी उलटी काढायची नाही, हे तिथेही लागू. आणि डबा गॅलरीतून उचला.

---

काळी_माती

शेतकरी आहे, विदर्भातला. धागा गाडीचा-घरचा आहे, पण आमच्याकडे घर आणि शेत वेगळं कुठे असतं. फवारणीचं औषध उरलं की पाण्याच्या बाटलीत. औषधाचा रिकामा डबा धुतला की धान्याला, तेलाला. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या छपऱ्याजवळच्या गंडामन गावी शाळेचं माध्यान्ह भोजन खाऊन तेवीस मुलं गेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. औषध मुलांच्या हाती नव्हतंच, तेल बनून ताटात आलं. मी तेव्हापासून रिकाम्या डब्याला खालून भोक पाडतो आणि चेपून टाकतो. मजूर बायका मागतात, "भाऊ, डबा चांगला आहे, द्या की." नाही म्हणतो.

तणनाशकाचंही सांगतो. पॅराक्वाट मूळचं गडद तपकिरी. परदेशात लोक कोला समजून प्यायले म्हणून त्यात निळा रंग, घाण वास आणि उलटी आणणारं औषध घालायला लागले. ते प्यायलं तर उतारा नाही. त्यामुळे मूळ डब्यातून काढायचंच नाही.

---

अनवट

काळी_माती दादा, अगदी. आणि कीटकनाशक पोटात गेलं, अंगावर सांडलं, लाळ गळतेय, घाम फुटलाय, बाहुल्या बारीक झाल्यात, तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा आणि निघा. धुणाऱ्याने हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात चढवाव्यात, कारण ते कातडीतूनही आत जातं.

---

भिंगरी

डॉक्टर, घाईत लिहितेय. माझ्या दीड वर्षाच्या मुलाने आत्ता डास पळवायच्या मशीनची रिफिल काढून तोंडात धरली होती. वात चोखत होता. जेमतेम ओली होती. दोनदा खोकला. आता खेळतोय. काय करू?

---

अनवट

भिंगरी, इथे थांबू नका. खोकला आला होता म्हणजे बघायलाच हवं. रिफिलमध्ये औषध अगदी थोडं असतं, बाकी सगळा रॉकेलच्या जातीचा द्रव असतो, त्यामुळे भीती फुप्फुसाचीच. दूध पाजू नका, उलटी काढू नका. तोंड पुसा, रिफिल पिशवीत घाला आणि मुलांच्या डॉक्टरकडे निघा. वाटेत १८०० ११६ ११७ ला फोन लावा. वात किती वाजता चोखली ते आत्ताच लिहून ठेवा.

---

सांजवेळ

भिंगरी, काळजी घे गं. कळव इथे.

अनवट, संडासच्या अ‍ॅसिडबद्दल लिहा ना. माझ्या मावसबहिणीच्या मुलीने चार वर्षांपूर्वी एक घोट घेतला होता. हातगाडीवर मिळतं ते सुटं अ‍ॅसिड, सरबताच्या बाटलीत ठेवलेलं. तोंडात फोड नव्हते, जिभेला थोडी लाली, एवढंच. दोन दिवसांत खायला लागली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. महिन्याभराने पोळी गिळताना अडकायला लागली. मग भातही. शेवटी नुसतं पाणी. अन्ननलिका आकसलेली निघाली. पुढे कितीतरी वेळा दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करायला न्यायचे तिला. अजून मांस आणि सुकी भाकरी खात नाही.

---

अनवट

सांजवेळ, त्या मुलीचं वाचून जीव हळहळला. तुम्ही लिहिलंत तोच क्रम असतो, म्हणून सगळ्यांनी तो नीट वाचावा.

दुकानातल्या संडास-लिक्विडमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. हातगाडीवरचं सुटं त्याहून खूप कडक असू शकतं आणि त्यावर लेबलही नसतं. अ‍ॅसिडविक्रीवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले, ओळखपत्र बघून, नोंद करून विकायचं असं ठरलं. तरी गल्लीत ते येतंच.

नाल्या मोकळ्या करायची पावडर, म्हणजे कास्टिक सोडा, हा क्षार. अ‍ॅसिडने जळलेल्या जागी करपलेला थर धरतो, त्यामुळे ते जरा अडतं. क्षार मात्र मांस विरघळवत आत-आत जातो, आणि सुरुवातीला दुखतंही कमी. म्हणून मला नाल्यांच्या पुडीची भीती अ‍ॅसिडपेक्षा जास्त वाटते. ती पुडी साठवून ठेवायचीच नाही.

तोंडात फोड नाहीत म्हणजे अन्ननलिका शाबूत, असं नसतं. लाळ गिळता न येणं, लाळ गळणं, आवाज बसणं, छातीत किंवा पोटात दुखणं, पाण्याला नको म्हणणं, यांतलं काहीही असेल तर पहिल्या दिवसातच दुर्बिणीने तपासणी व्हायला हवी, ही सोय जिथे आहे तिथे न्या. घरी: चूळ, आणि मूल नीट शुद्धीत असेल, गिळत असेल, तर पाण्याचे एक-दोन घोट. तांब्याभर नाही. उलटी काढली की अ‍ॅसिड त्याच नाजूक नळीवरून दुसऱ्यांदा जातं. आणि बरं वाटलं तरी तीन आठवड्यांनी एकदा दाखवा, कारण आकसणं त्या सुमारास सुरू होतं.

ब्लीचिंगचं लिक्विड, साधं घरगुती, थोडंसं गेलं तर बहुधा घसा जळजळतो. पण ते आणि अ‍ॅसिड एकत्र करून संडास घासू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत गुदमरायला होतं.

फिनेल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं: गुंगी येते, आणि गुंगीत उलटी फुप्फुसात जाते. भांड्यांचं लिक्विड, शाम्पू: फेस होतो, म्हणून भरपूर पाणी पाजू नका.

---

नर्मदातीर

एक व्यवहाराचा मुद्दा. आमच्या गावात लोक दवाखान्यात जायला घाबरतात, कारण "पोलीस केस होईल". खासगी दवाखाना म्हणतो आधी सरकारीत जा. यात तास-दीड तास जातो. याचं काय?

---

कलमदान

वकिली करतो, म्हणून मी उत्तर देतो. विषबाधेची नोंद पोलिसांत जाते, ती एमएलसी (मेडिको-लीगल केस). ती रुग्णालय कळवतं, तुम्ही नाही. त्याने कुणी आपोआप आरोपी होत नाही, अपघाताने झालं असेल तर तसा जबाब घेतात. उपचार आणि नोंद ही दोन वेगळी कामं आहेत. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांची वाट बघत बसायचं नाही. कुणी दारातून परत पाठवत असेल तर त्या खटल्याचं नाव घ्या आणि "तुम्ही नाकारताय हे लिहून द्या" म्हणा.

आणखी एक. घरातल्या मोठ्या माणसाने मुद्दाम काही घेतलं असेल तर लोक खोटं सांगतात, "चुकून प्यायला". २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने अशी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच गृहीत धरलंय, आत्महत्येचा प्रयत्न म्हणून तिला शिक्षा करत नाहीत. डॉक्टरला खरं सांगा.

---

अनवट

कलमदान, फार चांगलं केलंत. खरं कळलं तर किती घेतलं असेल याचा आमचा अंदाज बदलतो, उपचार बदलतो. त्या माणसाला त्या वेळी जाब विचारू नका, जवळ बसा. जीव वाचल्यावर बोलायला टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

---

ह्यूस्टनकर

इकडे अमेरिकेतले आणि इतर देशांतले वाचक असतील त्यांच्यासाठी: अमेरिकेत १-८००-२२२-१२२२, ऑस्ट्रेलियात १३ ११ २६, ब्रिटनमध्ये १११. इथे फोन केला की बऱ्याचदा घरीच थांबा म्हणतात आणि ठरावीक वेळाने स्वतः फोन करून विचारतात. आमच्याकडे आई-बाबा भारतातून आले की हे नंबर फ्रिजवर लावतो, कारण नातवंडं दिवसभर त्यांच्यापाशी असतात.

इथल्या थंडीत गाडीची काच धुवायच्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं. तेही कूलंटसारखंच का?

---

अनवट

हो, त्याच वाटेने जातं. फक्त त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. "डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसतंय" असं रुग्ण सांगतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. उतारा तोच, घाईही तीच.

---

माजघर

देवघराचं राहिलं. कापूर आमच्याकडे निरांजनाशेजारी उघड्या डबीत असतो, खडीसाखरेसारखा दिसतो.

---

अनवट

ताई, बरं झालं काढलंत. कापराने मुलाला पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत झटके येऊ शकतात, आधी काहीच लक्षण नसताना. एक-दोन वड्याही लहान मुलाला जास्त होतात. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. वास येतो, म्हणून तोंड हुंगून बघा.

डांबरगोळी चोखली तर त्या दिवशी काही दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी मूल पांढरं-पिवळं पडतं, लघवी काळसर चहासारखी येते, कारण रक्तपेशी फुटायला लागतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांना हे जास्त होतं, आणि बहुतेकांना आपल्यात ते कमी आहे हे माहीतच नसतं. डबीला झाकण, डबी वरच्या फळीवर, डांबरगोळ्या कपाटाच्या आत जाळीच्या पुडीत.

---

भिंगरी

परत आले. दवाखान्यात सहा तास ठेवलं, एक्स-रे चांगला आला, ऑक्सिजन चांगला. आत्ता घरी झोपलाय. डॉक्टरांनी रिफिल बघायला मागितली तेव्हा बरोबर होती, एवढं बरं वाटलं. ताप किंवा खोकला वाढला तर परत या म्हणालेत. अनवट, तुमचे उपकार आहेत.

---

अनवट

ऐकून जीव भांड्यात पडला. आज रात्री दोन-तीनदा श्वास बघा, झोपेत छाती आत ओढली जात नाही ना एवढंच. उद्याही खेळता असेल तर काही नाही.

---

सांजवेळ

हे सगळं वाचून मी मोरीखालचं कपाट उघडलं. अर्धी बाटली जुनं कूलंट, एक लेबल गेलेली बाटली, रंगाचं थिनर. नाल्यात ओतून टाकू का?

---

गॅरेज_मिरज

नाल्यात नको ताई. कूलंट सांडलेलं गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि दोन दिवसांत मरतात. झाकण घट्ट करून जवळच्या गॅरेजला नेऊन द्या, जिथे जुनं ऑइल ड्रममध्ये जमा करून विकत घेणाऱ्याला देतात तिथे. ऑइल आणि कूलंट एकाच ड्रममध्ये टाकत नाहीत, म्हणून काय आहे ते सांगून द्या. थिनर रंगाऱ्याला द्या, तो वापरेल. लेबल गेलेली बाटली उघडून वास घेऊ नका. पिशवीत बांधा, वर "विष" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि नगरपालिकेच्या घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, ओल्या कचऱ्यात टाकू नका.